अम्मीच्या हातावरचं ऊन

आमच्यात कुणाचंही लग्न असो, जेवणं उरकली आणि खुर्च्या गोल झाल्या की माझा थोरला भाऊ बशीर घसा खाकरतो आणि अम्मीच्या हाताची गोष्ट सुरू करतो. त्याच्या गोष्टीत तो स्वतः बेदाण्याच्या शेडच्या दारात छाती काढून उभा असतो, सांगलीच्या शेठला असा काही जाब विचारतो की शेठचा चेहरा उतरतो, आणि अम्मीला तिची जागा परत मिळते. नवे जावई माना डोलावतात. मी समोरच बसलेली असते. दोन लग्नांत मी तिथल्या तिथं भांडलेही आहे. पण बशीरची पोरं म्हणतात, "फुफी, जाऊ दे की. म्हातारा माणूस हाय." मी जाऊ देत नाही. साताऱ्यात बेदाणा, खारीक आणि काजूचं माझं दुकान आहे, ते डोक्यावरच्या टोपलीपासून उभं केलंय. जाऊ दे जाऊ दे म्हणत राहिले असते तर आजही टोपलीच असती. ती गोष्ट माझी आहे. म्हणून इथं, जशी घडली तशी, लिहून ठेवते.

आम्ही कवठे महांकाळच्या कडेला राहायचो. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, त्यात एक शेवग्याचं झाड, ज्याची सावली आमच्यापेक्षा शेजाऱ्यांच्याच अंगणात जास्त पडायची. माझा तेव्हापासून त्या झाडावर राग. अब्बा पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचे, म्हसवडच्या यात्रेच्या दिवसांत तर तिकडंच मुक्काम. ते घरी आले की अंगणात धनुकलीच्या ताणलेल्या तातीचा तंय तंय आवाज सुरू व्हायचा आणि घरभर कापूस उडायचा. भाकरीत कापूस, चहात कापूस. दादी म्हणायची, "तुझा बाप आला की मला दाढी येती." खरंच तिच्या हनुवटीला पांढरे तंतू चिकटलेले असायचे. घरात आम्ही आमची दख्खनी बोलायचो, बाहेर गावची मराठी; इथं सगळ्यांच्या तोंडी मराठीच घालते, कारण आता मला भांडणंसुद्धा मराठीतच आठवतात.

आमच्या भागात पाऊस नावाला आणि ऊन भरपूर. या उन्हावरच द्राक्षांचा बेदाणा होतो. पण लोकांना वाटतं तसा तो उन्हात टाकून होत नाही. उन्हात टाकला की काळा पडतो. चांगला बेदाणा सावलीत वाळतो. माळावर अण्णांची शेड होती. अण्णा म्हणजे बागेचे आणि शेडचे मालक, सगळं गावच त्यांना अण्णा म्हणायचं. वर पत्रा, बाजूंना कापड, आत एकावर एक ताणलेल्या जाळ्या, त्यावर औषधाच्या पाण्यात बुडवून काढलेले द्राक्षांचे घड. वारा आत शिरायचा, ऊन बाहेर थांबायचं. पंधरवड्यात घड सुकले की जाळ्या हलवायच्या. मग दाणे खाली ताडपत्रीवर पडायचे, आणि तो आवाज असा की डोळे मिटले तर वाटावं, कुणीतरी पत्र्यावर ज्वारी ओततंय. शेवटी गंधकाची धुरी. गंधक पेटवून शेड बंद केली की माल सोन्यासारखा पिवळा व्हायचा. ते काम बशीरकडं होतं आणि त्याचा त्याला फार तोरा होता.

निवडणीचं काम बायकांचं. त्यांत अम्मी पहिल्या रांगेत, दाराशी, जिथून ऊन आत यायचं. तिच्या बोटांना डोळे होते असं अण्णांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, सगळ्यांदेखत सांगायची. काडी, खडा, काळा दाणा, अम्मी न बघता बाजूला सारायची आणि तोंडानं गप्पा चालूच. निवडणीच्या त्या दीड-दोन महिन्यांवर आमची वर्षाची ज्वारी भरायची. गाद्यांचं काम लग्नसराई संपली की थंड पडायचं, त्यामुळं अम्मीची शेडमधली जागा म्हणजे आमच्या घरातलं धान्याचं पोतं. हे आम्हाला कुणी सांगायला लागत नव्हतं. शिवाय टाकाऊ काळा बेदाणा घरी आणायला मिळायचा. तो आम्ही भातात घालायचो, चहात गुळाच्या जागी घालायचो, दादी तर हुलग्याच्या माडग्यातसुद्धा टाकायची. आजही माझ्या दुकानात कुणी काळ्या बेदाण्याला नाक मुरडलं की मी त्याला माल देत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. हां, हे एक जाऊ देते.

अम्मी शेडमध्ये यायला लागली त्याआधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या रानात राबली होती. मिरच्या तोडणं, भुईमूग उपटणं, छाटणी. रानात जाणाऱ्या बाकीच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवायच्या. तुम्ही आमच्याकडच्या रस्त्यानं गेलात तर आजही दिसतील, साडीवर चौकड्याचा शर्ट, डोक्याला टॉवेल. अम्मीला मात्र ती मुभा नव्हती. दादीचा कायदा होता. "पिंजाऱ्याची सून बाप्याचं कापड अंगावर घालनार न्हाई. लोकं हसतील." त्यामुळं अम्मीच्या डोक्यावर पदर असायचा, पण कोपरापासून खाली हात उघडे. चाळिशीच्या आसपास त्या हातांवर डाग उमटायला लागले. पंज्यांच्या पाठीवर, मनगटाच्या वर, थोडे गालाच्या हाडांवरही. काही मसुरीच्या दाण्याएवढे, काही चिंचोक्याएवढे. चहाचा थेंब वाळला की जसा दिसतो तसा रंग. हात फिरवला तर काही लागायचं नाही, सपाट. दुखत नव्हते, खाजत नव्हते, म्हणून अम्मीनं त्यांच्याकडं कधी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते सांगलीच्या शेठनं. दर हंगामात तो माल बघायला जीपनं यायचा. पांढरा सफारी, मनगटावर भलंमोठं घड्याळ, बोलणं तोडून टाकणारं. त्या दिवशी तो रांगेतून फिरत आला, अम्मीच्या पुढ्यातल्या ढिगातून मूठ भरली, आणि तिच्या हाताकडं बघून ती मूठ तशीच खाली सोडली.

"अण्णा, या बाईच्या हाताला काय झालंय?"

अण्णा म्हणाले, "काय न्हाई शेठ, असंच हाय."

"असंच कसं? खायचा माल आहे. हा लागणारा रोग असला तर माझं गिऱ्हाईक मला जोड्यानं मारेल. ही बाई ज्याला हात लावते तो माल मी उचलत नाही."

एवढं बोलून तो चहा प्यायला गेला. अम्मीच्या शेजारची बाई, जी रोज अम्मीच्या डब्यातली चटणी खायची, तिनं आपलं पोतं हळूच पलीकडं ओढलं. मी शाळा सुटल्यावर अम्मीला मदत करायला जायचे, तेव्हा सातवीत होते, मी हे डोळ्यांनी बघितलं. ती बाई अजून हयात आहे आणि मी अजून तिच्याशी बोलत नाही. अक्का जवळ आली, खाली बघत म्हणाली, "ताई, डाग उतरूस्तवर घरी ऱ्हावा. उतरलं की या." अम्मी उठली, पदर झटकला, आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन घरी चालत आली.

मग घरात डाग उतरवायची मोहीम सुरू झाली. दादीनं पहिल्यांदा साय आणि हळद लावली. अम्मीचे हात पिवळे झाले, डाग पिवळ्यात तपकिरी. मग मसुराचं पीठ. मग लिंबू चोळून अंगणात बसवलं, तर हात लाल होऊन चुरचुरायला लागले. शेवटी बशीरनं डोकं चालवलं. हे त्याच्या गोष्टीत कधी येत नाही, म्हणून मी नीट सांगते. तो म्हणाला, "बेदान्याला गंधकाची धुरी दिली की त्यो पिवळाजर्द हुतो. मग कातडीचं का हुनार न्हाई? द्राक्षाला कातडीच हाय की."

दादीला हे एकदम पटलं. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा पटलं. बशीरनं शेडमधून चिमूटभर गंधक आणलं. अंगणात घमेल्यात निखारे, त्यावर गंधक, वर पालथी टोपली, टोपलीवर ओलं गोणपाट. अम्मीनं दोन्ही हात कडेनं आत घातले. निळसर जाळ दिसला आणि दुसऱ्या क्षणी असा उग्र धूर सुटला की दादी "या अल्ला" म्हणत चुलीकडं पळाली, शेजाऱ्यांची शेळी दावं तोडून रस्त्यावर गेली, बशीर स्वतः खोकत खोकत शेवग्याला मिठी मारून उभा राहिला, आणि अम्मी तेवढी डोळे मिटून जागेवर. मी टोपलीला लाथ मारली. बघतो तर डाग जिथल्या तिथं, आणि बोटातली चांदीची अंगठी मात्र काळी ठिक्कर. अम्मीनं अंगठीकडं बघितलं, बशीरकडं बघितलं, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धुरानं की हसून, कळत नव्हतं. दादी आतून ओरडली, "हसती काय गं? अंगठी माझ्या आईची हाय!" (हा प्रकार कुणी करू नये. त्या धुरानं छाती जाते.)

मी तिला न्हाणीत नेलं आणि हातांवर पाणी ओतायला लागले. वास जाईना म्हणून तिनं ब्लाऊजच्या बाह्या वर गुंडाळल्या. तेव्हा मला ते दिसलं. एरवी जिथं बाही संपायची तिथंच डाग संपत होते. कुणी दोरी लावून आखल्यासारखे. खाली राबलेला, तपकिरी, ठिपक्यांचा हात, आणि बाहीच्या वर तोच हात लहान पोरीसारखा नितळ. मी बांगड्या वर सारल्या. बांगड्यांच्या खालचा पट्टाही उजळ. संध्याकाळी अब्बा आले तर मी त्यांच्या मानेवरचा ताईत उचलून बघितला. त्याच्याखालीही तसंच. अब्बा म्हणाले, "काय चाललंय हिचं?" दादी म्हणाली, "डोस्क्यात गंधक गेलाय तिच्या."

साताऱ्यात कातडीची एक डॉक्टर आहे, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. आता माझ्या हातांवरही तसेच डाग आलेत, म्हणून मी तिच्याकडं जाते आणि दर वेळी मलमावरून तिच्याशी घासाघीस करते. ती सांगते की लोक यांना वयाचे डाग म्हणतात, पण यांत वयापेक्षा उन्हाचा वाटा मोठा. ऊन लागलं की कातडी स्वतःला वाचवायला आतून रंग तयार करते. वर्षानुवर्षं ऊन लागत राहिलं की तो रंग जागोजागी गोळा होऊन बसतो. ऊन आज लागतं, डाग कितीतरी वर्षांनी दिसतो, म्हणून माणसाला दोघांचं नातं लक्षात येत नाही. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. लिंबानं तर जात नाहीतच, उलट लिंबू लावून उन्हात गेलं तर पोळतं. झाकून राहा, दुपारचं ऊन टाळा, मलम लावा, नवे कमी येतील. फक्त एखादा डाग वाढायला लागला, त्याचा कडेचा आकार बिघडला, रंग बदलला, त्यातून रक्त आलं, तर घरात बसू नका, दाखवा. मी तिला म्हटलं, "यातलं निम्मं मला सातवीत कळलं होतं." ती हसली. तिला वाटलं मी फी कमी करायला बोलतेय. तसंही होतंच ते.

शेठ पुन्हा येणार होता त्या दिवशी मी शाळा बुडवली आणि अम्मीला हात धरून शेडवर नेलं. ती येत नव्हती. मी तिला सांगितलं, टाकाऊ माल मागायला जायचंय. आत शेठ आणि अण्णा भावावरून वाद घालत होते, बाया खाली मान घालून निवडत होत्या, बशीर धुरीचं घमेलं घेऊन कोपऱ्यात. मी सरळ मध्ये जाऊन उभी राहिले.

"शेठ, माझ्या आईला रोग हाय म्हनला व्हय तुमी?"

शेठनं अण्णांकडं बघितलं. "ही कोण?"

"मी हिची लेक. रोग हाय म्हनला का न्हाई?"

"डाग दिसतायत ना पोरी. मला काय डॉक्टर व्हायचं नाही, मला माल विकायचाय."

मी अम्मीचा हात ओढला आणि तिला कळायच्या आत बाही चार बोटं वर सारली. "बघा. हितवर डाग हायत. हितनं वर एक बी न्हाई. रोगाला ब्लाऊजची बाही कुठं संपती ते कळतं व्हय? शिंप्याला इचारून आलाय का त्यो?"

पहिल्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. अम्मीनं हात हिसकावून घेतला आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ती जागा मला आजही दाखवता येईल. "नूरे, गप! परक्या बाप्यासमोर..." पण मी आता थांबणारी नव्हते. मला शेठचा हात दिसला होता. जीप चालवणारा माणूस, कोपर कायम खिडकीबाहेर. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर तसेच ठिपके होते, आणि डावाही काही कोरा नव्हता.

"शेठ, घड्याळ काढा."

"काय?"

"घड्याळ काढा म्हनलं. पळवत न्हाई."

अण्णा म्हणाले, "ए पोरी, लय झालं." पण बाया आता काम सोडून बघत होत्या, अक्का तर उठून जवळ आली होती. तीच म्हणाली, "काढा की शेठ, पोर काय म्हनती बघू तरी." शेठनं चिडून पट्टा सोडला. घड्याळाखाली पांढराशुभ्र गोल आणि दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा. त्याच्या आजूबाजूला तांबूस कातडी आणि तेच चहाचे थेंब.

"ह्यो तुमचा रोग," मी म्हटलं, "घड्याळाला भ्याला."

शेड हसली. शब्दशः पत्रा वाजला. अण्णांनी तोंडापुढं टॉवेल धरला. शेठ हाताकडं बघत राहिला, स्वतःचाच हात असून नवा दिसल्यासारखा. मी तेवढ्यावर सोडलं नाही. सौद्यात समोरचा गप्प झाला की तेव्हाच पुढचं मागायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "उन्हात राबून झालेलं हाय ते. सावलीत वाळला त्यो बेदाना हिरवा, उन्हात पडला त्यो काळा, तुमी तर रोज बघताय. काळ्याला तुमी रोगी म्हनता का? आनि अण्णा, अम्मी आजपास्नं दाराशी बसनार न्हाई, आत बसंल. आनि घरी बसवलं तेवढ्या दिसांचा चांगला माल द्या, टाकाऊ न्हाई." अण्णा म्हणाले, "आगं, आदी आईला बसू तर दे." म्हणजे मिळालं.

बशीर या सगळ्यात काय बोलला? "व्हय." एकदा. शेठनं त्याला विचारलं होतं, ही तुझी बहीण का, तेव्हा.

पण त्या संध्याकाळी विहिरीवर, आणि पुढं आयुष्यभर, अम्मीनं सांगितलं की बशीरनं शेठला पटवलं. वयात येणारी पोरगी, परक्या पुरुषाला घड्याळ काढायला लावते, आईची बाही वर करते, हे बाहेर गेलं असतं तर माझं लग्न अवघड झालं असतं, असं तिचं गणित. ते मला कळतं. पटत नाही. माझं लग्न झाल्यावर तरी खरं सांगायचं! बशीरला तर आता स्वतःलाच ते खरं वाटतं. दादीनं मात्र कुणाला काही न विचारता दुसऱ्या दिवशी अब्बांचा एक जुना शर्ट धुऊन अम्मीच्या जेवणाच्या डब्यावर ठेवला, आणि एक लहान मापाचा माझ्यासाठी शिवून घेतला. श्रेय बशीरला गेलं या रागानं तो मी घातला नाही. त्याची शिक्षा मी डॉक्टरणीकडं भोगते आहे.

बशीरच्या गोष्टीत नसलेलं आणखी एक राहिलं. अम्मी आत रांगेत जाऊन बसली. तिचे हात निवडायला लागले. शेठ घड्याळ खिशात टाकून निघाला होता. अम्मीनं आपल्या ढिगातले चार दाणे उचलले आणि पदर नीट करून, उघड्या हातानं, त्याच्यापुढं धरले. सगळ्या बाया बघतच होत्या. शेठनं क्षणभर त्या हाताकडं बघितलं. मग दाणे घेतले, तोंडात टाकले, चावले. शेवटी व्यापारीच तो, हरला तरी भाव पाडल्याशिवाय जाईल कसा.

"अण्णा," तो म्हणाला, "गोडी कमी आहे यंदा."

अण्णा बोलायच्या आत अम्मी बोलली. शेठशी पहिल्यांदाच, आणि खाली बघत, निवडता निवडता.

"गोडी हाय शेठ. दुसऱ्या ढिगातलं खाऊन बघा, तिथं बी अशीच लागंल. भाव पाडू नगा, अण्णा म्हनत्यात त्योच ऱ्हाऊ द्या; मग त्यो ढीग बी माझ्याच हातानं निवडून दीन."